पीटीएसडी उपचारांचं क्लिनिशियन ट्रेनिंग

पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर, गंभीर दुखापतीनंतर किंवा लैंगिक अत्याचारानंतर होणारा आणि महिन्यापेक्षा जास्त टिकणारा मानसिक आजार. तो ओळखायचा कसा, किती तीव्र आहे ते मोजायचं कसं आणि त्यावर थेरपी कशी करायची हे सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिस्ट, सोशल वर्कर, नर्स यांना वेगळं शिकवावं लागतं, डिग्री असली म्हणून ते आपोआप येत नाही. या ट्रेनिंगचं सगळ्यात मोठं आणि नीट नोंदवलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, माजी सैनिकांचे दवाखाने चालवणाऱ्या वेटरन्स अफेअर्स खात्याचं, म्हणून इथे मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे.

आजाराला हे नाव अधिकृतपणे मिळालं १९८० मध्ये, डीएसएम या अमेरिकन सायकिअॅट्रिस्टांच्या निदानाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. १९८९ मध्ये वेटरन्स अफेअर्स खात्याने नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडी काढलं. संशोधन आणि ट्रेनिंग ही दोन्ही कामं तिथे एकाच छताखाली चालतात, त्यामुळे ज्यांनी चाचण्या बनवल्या त्यांच्याकडूनच त्या शिकायला मिळतात.

ट्रेनिंगची सुरुवात तपासणीपासून होते आणि बरेच जण इथेच घाई करतात. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची यादी पेशंट स्वतः भरतो, स्कोअर ० ते ८०, साधारण ३१ ते ३३ च्या वर गेला की पीटीएसडीची शक्यता धरतात, पण तेवढ्यावर निदान करायचं नसतं. निदानासाठी कॅप्स-५ ही मुलाखत आहे, तिला पाऊण ते एक तास लागतो. वाईट स्वप्नांचाच प्रश्न घ्या. 'स्वप्नं पडतात का' विचारून हो म्हटल्यावर टिक मारली असं चालत नाही, स्वप्नात काय दिसतं, त्याने जाग येते का, परत झोप लागायला किती वेळ जातो, महिन्यात किती वेळा होतं हे सगळं विचारून मग ० ते ४ मध्ये मार्क द्यायचे, आणि २ किंवा जास्त असेल तरच ते लक्षण धरायचं. शिकणाऱ्यांना एकाच मुलाखतीचं रेकॉर्डिंग दाखवून प्रत्येकाला वेगवेगळे मार्क द्यायला लावतात, मग फरक कुठे पडला यावर चर्चा होते. वरकरणी कंटाळवाणं वाटतं पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी तास तोच, कारण आपण पेशंटचं ऐकतोय की आपल्या अंदाजाचं हे तिथे कळतं.

वेळेचं भानही शिकवावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर घर उभं असलेली माणसंही आत झोपायला तयार नव्हती. पहिल्या काही आठवड्यांतली अशी भीती म्हणजे पीटीएसडी असं कोणी लिहून टाकलं तर ते चूक आहे, महिना व्हायच्या आत हे निदान करताच येत नाही. आणि घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच सेशनमध्ये सगळं बोलायला लावणं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, त्याने पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासांतून पुढे आलंय, म्हणून आता ते करू नका असंच शिकवलं जातं.

उपचारांत मुख्यतः तीन थेरपी शिकवतात. पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, साधारण १२ सेशनची. एडना फोआ यांची प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, म्हणजे पीई, ९० मिनिटांची ८ ते १५ सेशन. आणि फ्रान्सिन शपिरो यांची ईएमडीआर, ज्यात पेशंट प्रसंग आठवताना थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे डोळे फिरवतो. औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन यांना चांगला पुरावा आहे. झोपेसाठी म्हणून पटकन लिहिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं अमेरिकेच्या वेटरन्स अफेअर्स आणि संरक्षण खात्यांची २०२३ ची गाइडलाइन स्पष्ट सांगते, आणि हे फक्त सायकिअॅट्रिस्टनी नाही तर प्रत्येक फॅमिली डॉक्टरनी वाचायला हवं.

पीईमध्ये पेशंट डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, आत्ता घडतंय असं, मध्ये मध्ये थेरपिस्ट त्रास ० ते १०० मध्ये किती आहे ते विचारतो, सेशनचं रेकॉर्डिंग पेशंटने घरी रोज ऐकायचं असतं. नवीन थेरपिस्टची खरी कसोटी इथे लागते. पेशंट रडायला लागला, त्रास ९० वर गेला की थांबवावंसं वाटतं, पाणी द्यावंसं वाटतं, विषय बदलावासा वाटतो, आणि तसं केलं की आठवण सहन होत नाही हा पेशंटचा समज अजून पक्का होतो. टाळणं हे या आजाराचं लक्षण आहे, पण थेरपिस्टही तेच करत असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या ते लक्षातही येत नाही. सीपीटीमध्ये अडचण वेगळी. पेशंट म्हणतो 'मी त्या दिवशी ड्युटी बदलली नसती तर तो वाचला असता', आणि शिकणारा लगेच म्हणतो 'नाही हो, तुमची काही चूक नव्हती'. चांगल्या मनाने म्हणतो पण त्याने काही हलत नाही. त्याऐवजी विचारायचं, ड्युटी बदलताना तुम्हाला काय माहीत होतं, त्या दिवशी पुढे काय होणार हे कळायची काही वाट होती का, आणि उत्तर पेशंटलाच शोधू द्यायचं. हे पुस्तक वाचून येत नाही, कोणीतरी आपला सेशन ऐकून 'इथे तुम्ही घाई केली' म्हणावं लागतं.

म्हणूनच वेटरन्स अफेअर्सने २००६ च्या सुमारास सीपीटी आणि २००७ मध्ये पीई देशभर शिकवायला घेतली तेव्हा वर्कशॉपवर थांबले नाहीत. सीपीटीचं वर्कशॉप साधारण ३ दिवसांचं, पीईचं ४ दिवसांचं, आणि त्यानंतर काही महिने दर आठवड्याला अनुभवी कन्सल्टंटबरोबर फोनवर छोट्या ग्रुपमध्ये आपल्या चालू केसवर बोलायचं. पीईसाठी दोन केस कन्सल्टंटच्या देखरेखीखाली, रेकॉर्डिंग ऐकवून, पूर्ण करायच्या. २०१३ मध्ये या पीई ट्रेनिंगमधल्या ८०४ क्लिनिशियननी उपचार केलेल्या १९३१ माजी सैनिकांचे आकडे आले. पीसीएलवर, म्हणजे पीसीएल-५ च्या आधीच्या यादीवर, पॉझिटिव्ह असलेल्यांचं प्रमाण ८७.६ टक्क्यांवरून ४६.२ टक्क्यांवर आलं होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता हे खरं, पण ही रोजच्या ओपीडीतली माणसं होती आणि थेरपिस्टही अजून शिकतच होते, त्यामुळे मला हा आकडा फार मोठा वाटतो. २०१८ मध्ये कॅनडातली, सीपीटी शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करणारी चाचणी आली, तिच्यात फक्त वर्कशॉप केलेल्यांपेक्षा नंतर कन्सल्टेशन मिळालेल्यांचे पेशंट जास्त सुधारले. कन्सल्टेशनमध्ये सेशनची रेकॉर्डिंग ऐकल्याने मात्र अपेक्षेएवढा जादा फायदा दिसला नाही, म्हणजे नियमित केसवर बोलणं हाच मुख्य भाग असावा.

भारतात आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराचं बरंचसं काम बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने केलंय, भोपाळच्या वायुगळतीनंतर तिथल्या मेडिकल ऑफिसरना मानसिक आरोग्याचं शिक्षण दिलं गेलं, २००४ च्या त्सुनामीनंतर गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तयार केलं गेलं. २०१८ पासून निमहान्सची डिजिटल अॅकॅडमी डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, नर्स आणि सोशल वर्कर यांना ऑनलाइन शिकवते. आपल्याकडे पेशंट बऱ्याचदा 'छातीत धडधडतं', 'डोकं जड होतं', 'झोपच नाही' असं सांगत जनरल ओपीडीत येतो आणि प्रसंगाबद्दल कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही, खास करून घरातली मारहाण किंवा लहानपणचा अत्याचार असेल तर सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना कोण बोलणार. त्यामुळे इथल्या ट्रेनिंगमध्ये आधी एकटं भेटायची सोय करणं आणि मराठीत, पेशंटच्याच शब्दांत विचारणं हे यायला हवं. कन्सल्टेशनचा भाग उचलायला तर सोपा आहे, तो अमेरिकेतही फोनवरच चालला, गडचिरोली किंवा धाराशिवच्या काउन्सेलरला त्यासाठी पुण्या-मुंबईला यायची गरज नाही, आठवड्यातला एक तास आणि केस ऐकून घेणारा एक अनुभवी माणूस लागतो.