एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग (जुन्या मोटारी)

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग : इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि जळालेला वायू बाहेर नेणारा मॅनिफोल्ड यांच्या सांध्यात बसवायची पातळ, उष्णता सोसणारी पट्टी. कॅटलॉगात तिला गॅसकेट म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात मात्र ‘सायलेन्सरचं पॅकिंग’ म्हटले की पुरते. पुढचा प्रश्न फक्त ‘कुठली गाडी?’ एवढाच येतो. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देणारा पोलादी हेडर बसवला तरी सांधा तोच राहतो, त्याच्या खोडी मात्र वाढतात.

हा सांधा अवघड का, ते हिशोबाने कळते. पेट्रोल इंजिनाच्या पोर्टातून (हेडमधल्या वायूच्या वाटेतून) बाहेर पडणारा वायू ६०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. हेडमध्ये पाणी खेळत असल्याने ते शंभरीच्या आसपास राहते, मॅनिफोल्ड मात्र कित्येक पटींनी तापतो. ४० सेंमी लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला, तर जवळजवळ २ मिमी वाढतो. तेवढ्याच लांबीचे हेड पाव मिमीच्या आसपास. म्हणजे गाडी चालू-बंद होईल तितक्या वेळा मॅनिफोल्ड पॅकिंगवरून पुढे-मागे सरकतो. टोकाच्या स्टडची (हेडमध्ये बसवलेल्या, नट लावायच्या आटेदार दांड्यांची) भोके म्हणूनच थोडी सैल ठेवलेली असतात. स्टेनलेसचा हेडर बिडाच्या दीडपट प्रसरण पावतो, हेही लक्षात ठेवावे.

पॅकिंग गेल्याची खूण कानाला आधी कळते. सकाळी थंड इंजिन चालू करताच ‘टक् टक्’ असा टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह उघडणारे भाग सैल झाल्यासारखा) आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत धातू फुगून फट बुजली की तो थांबतो. यामुळेच पुष्कळ मालकांनी आधी टॅपेट ॲडजस्ट करून घेतलेले असतात. पन्हाळ्याहून उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की फटीतून बाहेरची हवा ओढली जाते, न जळलेले पेट्रोल नळीत पेटते आणि मागे फटाके वाजतात. सांध्याशी काजळीचा काळा पट्टा दिसला की शंका उरत नाही. आवाज सहन करता येईल, पण या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि जुन्या गाडीच्या डॅशबोर्डामागची भोके कुणी मोजलेली नसतात.

पूर्वी ही पॅकिंगे अस्बेस्टॉसची, किंवा तांब्याच्या दोन पत्र्यांत अस्बेस्टॉस घालून केलेली असत. गोदामातला तसा जुना माल अजूनही कधी हाती येतो. तो घेऊ नये. हेडवर चिकटलेले जुने पॅकिंग कोरडे घासू नये आणि त्यावर वायर ब्रशचे चाकही चालवू नये. पाणी मारून, ओले असतानाच खरवडावे, म्हणजे तंतू छातीत जात नाहीत. आज बिडाच्या मॅनिफोल्डला छिद्रांच्या पोलादी पत्र्यावर ग्राफाइट दाबलेले पॅकिंग सर्वांत सोयीचे : ते मऊ असते, बारीक खड्डे भरून काढते आणि सरकणे सोसते. अनेक पातळ पोलादी थरांचे पॅकिंग टिकाऊ खरे, पण त्याला जवळपास आरशासारखा पृष्ठभाग लागतो. पन्नास वर्षांच्या हेडवर ते क्वचितच जमते.

तांब्याच्या पॅकिंगविषयी थोडे अधिक सांगायला हवे. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे जळण्याची भीती नाही. पण दाबले गेले की ते कडक होते. भांडे ठोकताना तांबट ते मधूनमधून तापवतो, त्याच कारणाने पॅकिंगही बसवण्यापूर्वी सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात सोडतात. पोलाद असे केल्यास कडक होते, तांबे मऊच राहते. वरची काळी खपली पाण्यात सुटते, उरलेली पुसून काढतात. काढलेले पॅकिंग असे पुन्हा मऊ करून वापरताही येते.

अँबेसेडरचे १,४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज कुळातले. त्यात कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर एकाच बाजूला असतात; दोन इनलेट (मिश्रण आत घेणारे) पोर्ट, तीन एक्झॉस्ट पोर्ट आणि सगळ्यांना मिळून एकच लांब पॅकिंग. मधल्या पोर्टातून दोन सिलिंडरांचा वायू जातो, तो भाग सर्वांत तापतो. इनलेटच्या बाजूने हवा शिरू लागली की मिश्रण पातळ होते, आयडलिंग डळमळते आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी बसतो. याच कुळातले इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीत जाडजूड वायसर (नटाखालची चकती) एकाच वेळी इनलेट आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही फ्लॅंजांवर (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्ट्यांवर) बसतो. बाजारातल्या हेडरचा फ्लॅंज इनलेटच्या फ्लॅंजपेक्षा अर्धा मिमी जरी पातळ असला, तरी वायसर तिरका होतो, जाड बाजू दाबली जाते आणि पातळ बाजू मोकळी राहते. मग कितीही महाग पॅकिंग घाला, दर दोन महिन्यांनी फुंकले जाणारच. उपाय दोनच : फ्लॅंज सारखे करून घ्यावेत, नाहीतर वायसरला पायरी काढावी. दोन्ही कामे टर्नरची (लेथवर काम करणाऱ्याची) आहेत, पॅकिंगवाल्याची नाहीत.

हेडर निवडताना फ्लॅंजची जाडी आधी पाहावी. ६ मिमीची पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकते. १० मिमीची बरी. सरळ पट्टी लावून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालावा. ०.१ मिमीचे पाते मोकळेपणी जात असेल, तर फ्लॅंज सरफेस ग्राइंडिंगला द्यावा. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात ते काम शोधत हिंडावे लागत नाही. पॅकिंगचे भोक पोर्टापेक्षा किंचित मोठे हवे. आत डोकावणारी कड जळते आणि तिथूनच गळती सुरू होते. दुर्मीळ गाडीचे पॅकिंग मिळत नसेल, तर ग्राफाइटचा पत्रा फ्लॅंजवर धरून कडेने बॉल-पीन (गोल टोकाच्या) हातोडीने हलके ठोकत ठसा उमटवतात आणि भोके पंचाने पाडतात. ऑइल इंजिनाची पॅकिंगे कापलेले हात इथे अजून आहेत.

काढताना घाई केली तर स्टड तुटतो. आदल्या रात्री भेदक (गंजात झिरपणारे) तेल सोडावे, नट अडला तर तापवून सोडवावा. पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीचे स्टड शक्य तर बदलूनच टाकावेत आणि त्यांवर पितळी नट लावावेत. ते गंजून धरत नाहीत. ग्राफाइटचे पॅकिंग कोरडेच बसते. त्यावर सिलिकॉन चोपडण्याची सवय वाईट, कारण या उष्णतेला ते जळून जाते आणि मागे फट ठेवते. नट मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. एमजीबीला सुमारे २० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. लांब पान्याने ‘अजून थोडं’ करणारा माणूस स्टडचे आटे घालवतो. गाडी चालवून चांगली तापू द्यावी, रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी नट पुन्हा तपासावेत. तांब्याच्या पॅकिंगचे नट पहिल्या खेपेला हमखास थोडे फिरतात.

काढलेले जुने पॅकिंग तोपर्यंत फेकू नये. त्यावरची काजळीची रेघ आतल्या कडेपासून बाहेर जिथे गेली आहे, तिथेच फ्लॅंज वाकलेला असतो.