मुद्रांकाचे नवे दर आणि अभिनिर्णयाचा अर्ज: कोल्हापूरच्या वकिलांनी काय लक्षात ठेवावे

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात गेल्या काही काळात झालेले बदल आकड्यांनी लहान दिसतात. त्यांचा फटका मात्र थेट पक्षकाराला बसतो. ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारनाम्यासह बऱ्याच दस्तांचे १०० रुपयांचे शुल्क ५०० रुपये झाले. तरीही शंभराच्या बाँडवर करार करून आणणारे पक्षकार अजून येतात. दस्तावर सह्या वाढीआधी झाल्या असतील तर काळजी नाही, कारण सहीच्या दिवशीचा दर लागू होतो. आणि जुना बाँड कपाटात पडून असेल तर खरेदीची तारीख पाहा. ६ महिन्यांत न वापरलेला मुद्रांक चालत नाही.

प्रतिज्ञापत्राबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना किंवा शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात दाखल करताना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या शासन आदेशाने मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर ते चालते. प्रवेशाच्या हंगामात एखाद्या शेतमजुराला मुलाच्या दाखल्यासाठी ५०० रुपयांचा बाँड घ्यायला लावणे हा अन्याय आहे, आणि तो थांबवणे आपल्याच हातात आहे. कार्यालयाने बाँड मागितला तर आदेशाची प्रत पुढे ठेवा. खासगी कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मात्र ५०० रुपये लागतात.

आता अभिनिर्णय. दस्ताला शुल्क किती, याबद्दल शंका असेल तर कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ते ठरवून घेता येते. आपल्याकडे हे काम सह जिल्हा निबंधक वर्ग १ पाहतात. दस्तातला कोणताही पक्षकार अर्ज करू शकतो. सह्या झालेल्या असोत वा नसोत, मसुद्यावरही अर्ज चालतो, आणि माझ्या मते मसुद्यावर करणेच शहाणपणाचे. सह्या झाल्या असतील तर एक महिन्याच्या आत दस्त सादर करा. २०२५ च्या दुरुस्तीने या अर्जाची फी १०० वरून १००० रुपये झाली आहे.

अर्जासोबत दस्त किंवा मसुदा, त्याची खरी प्रत आणि वस्तुस्थिती सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यावे. मिळकत असेल तर चालू सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, आधीच्या खरेदीची सूची दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), नकाशा आणि पक्षकारांची ओळखपत्रे जोडा. मूल्यांकनावरच बहुतेक वाद होतो, म्हणून रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्य दरतक्त्याचा, कोणता विभाग आणि कोणता दर धरला, हे अर्जातच लिहा. करवीर तालुक्यातल्या, कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावांत जमीन शेती धरायची की बिनशेती, यावर रक्कम कितीतरी बदलते. तिथे बिनशेती आदेश किंवा झोन दाखला आधीच जोडलेला बरा.

मागणीची नोटीस मिळाल्यावर ६० दिवसांत रक्कम भरावी. उशीर झाला तर कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड. रक्कम भरली की दस्तावर प्रमाणपत्र मिळते. आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत पुण्याच्या मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याही पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करायची झाली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू झालेले त्याचे सर्किट बेंच आता कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांनाही मुंबई गाठावी लागत नाही.

कमी मुद्रांकाचा दस्त कलम ३४ मुळे पुराव्यात वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये असा दस्त रद्दबातल ठरत नसल्याचे सांगितले आहे, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत दावा अडतोच.

शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. पूर्वी ती १ टक्का, कमाल ३०,००० रुपये होती. त्या खर्चामुळे तोंडी वाटणीवर थांबलेल्या कुटुंबांना हे आवर्जून कळवा.