लक्ष्य रायफल : काडतुसाची निवड

लक्ष्य रायफल म्हणजे केवळ स्पर्धेतील लक्ष्यावर नेम साधण्यासाठी घडवलेली रायफल. ती तयार विकत न घेता अ‍ॅक्शन (काडतूस नळीत चढवून मागून बंद करणारी यंत्रणा), नळी, दस्ता, चाप हे भाग वेगवेगळे निवडून गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, जुळवून घेतली जाते, तेव्हा पहिला निर्णय काडतुसाचा असतो. चाप, दस्ता, दुर्बीण पुढे बदलता येतात. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा) मात्र एकदा कोरले की ती नळी त्याच काडतुसाची होऊन बसते. आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचा पीळ, बोल्टच्या (काडतुसाचे बूड धरणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) तोंडाचे माप, अ‍ॅक्शनची लांबी, काडतुसे साठवणारे मॅगझिन आणि पुढची अनेक वर्षे विकत घ्यावा लागणारा माल, हे सगळे या एका निर्णयातून ठरते.

काडतुसात पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी दारू पेटवणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी असते. यांपैकी लक्ष्यापर्यंत पोहोचते ती फक्त गोळी. म्हणून जाणकार नेमबाज आधी स्पर्धेचा नियम पाहतो, मग अंतर, मग त्या अंतराला साजेशी गोळी, मग ती गोळी हव्या त्या वेगाने ढकलणारी पुंगळी आणि सर्वांत शेवटी ती पुंगळी सामावणारी अ‍ॅक्शन. हाताशी असलेल्या अ‍ॅक्शनपासून किंवा एखाद्या काडतुसाच्या गाजावाजापासून सुरुवात केली, तर रायफल उत्तम बनूनही ती ज्या स्पर्धेत उतरवायची तिथे चालत नाही, असे घडू शकते.

नियम कित्येकदा निवड संपवूनच टाकतो. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे .२२ लाँग रायफल हे एकच काडतूस चालते. झोपून, रायफल टेकूवर ठेवून करायच्या लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीत एफ-टीआर हा गट .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन या दोन काडतुसांपुरता मर्यादित आहे; एफ-ओपन गटात मात्र ८ मिलिमीटर कॅलिबरपर्यंत (कॅलिबर म्हणजे नळीचा, पर्यायाने गोळीचा व्यास) मोकळीक आहे. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर चालणाऱ्या पाल्मा पद्धतीच्या स्पर्धांतही .३०८ आणि .२२३ हीच काडतुसे असतात आणि .३०८ मध्ये गोळीचे वजन १५६ ग्रेनच्या आत, म्हणजे साधारण १० ग्रॅम ठेवावे लागते. ३०० मीटर प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला, पण जागतिक स्पर्धांत तो टिकून आहे. तिथेही कॅलिबरची मर्यादा ८ मिलिमीटर आहे. एवढ्या मोकळ्या मर्यादेतही नेमबाज ६ मिलिमीटरकडे वळले, कारण ३०० मीटरवर मोठ्या गोळीची गरज नसते आणि उभ्याने, गुडघ्यावर बसून किंवा झोपून डझनावारी गोळ्या झाडताना कमी धक्का हाच मोठा फायदा ठरतो.

अंतर वाढले की वारा मुख्य शत्रू होतो. गोळी किती खाली येईल हे गणिताने आधी कळते आणि दुर्बिणीच्या क्लिकने भरून काढता येते. वारा मात्र दोन गोळ्यांच्या मधल्या अवधीत दिशा बदलतो. म्हणून लांब पल्ल्यासाठी बॅलिस्टिक गुणांक पाहिला जातो. गोळी हवेला किती कमी अडते, याचे ते माप. ६.५ मिलिमीटरच्या १४० ग्रेनच्या आधुनिक स्पर्धा गोळ्यांचा जी-७ गुणांक (लांब, निमुळत्या प्रमाण गोळीशी तुलना करून काढलेला) ०.३२ च्या आसपास असतो, तर .३०८ च्या परिचित १७५ ग्रेन गोळीचा ०.२५ च्या आसपास. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर .३०८ ची ही गोळी सुमारे अडीच मीटर वाहवते, ६.५ मिलिमीटरची गोळी दोन मीटरच्या आत राहते. त्याच अंतरावर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २६.६ सेंटिमीटर. वाऱ्याच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी कमी गुणांक असलेली गोळी लक्ष्यावरचे गुणांचे एखादे वलय सहज गमावते.

दुसरा प्रश्न आवाजाच्या वेगाचा. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या जवळ आला की तिच्यावरचे हवेचे दाब बदलतात आणि ती डगमगू लागते. .३०८ ची १७५ ग्रेन गोळी सेकंदाला ७९० मीटरने निघाली, तर १००० यार्डांच्या सुमारास याच पट्ट्यात शिरते. पाल्मा रायफलींच्या नळ्या ३० इंचांच्या घरात लांब का असतात याचे कारण इथे आहे: १५५ ग्रेनच्या गोळीला लक्ष्य गाठेपर्यंत आवाजापेक्षा वेगवान ठेवायचे असते.

गोळी ठरली की नळीचा पीळ ठरतो. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी जलद फिरावी लागते. ६.५ मिलिमीटरच्या १४० ग्रेन गोळीसाठी ८ इंचांत एक वळसा हा प्रघात आहे; .२२३ मधून ८० ग्रेनच्या वरची गोळी मारायची तर ७ इंचांत एक; .२२ लाँग रायफलला १६ इंचांत एक वळसा पुरतो. कमी अंतराच्या बेंचरेस्ट नेमबाजीत, म्हणजे रायफल बाकावर टेकवून केलेल्या नेमबाजीत, ६ पीपीसी या काडतुसाच्या ६८ ग्रेनच्या छोट्या गोळ्यांसाठी १३ किंवा १४ इंचांत एक एवढाच संथ पीळ ठेवतात, कारण तिथे गरजेपेक्षा जास्त फिरवलेली गोळी आपले लहानसहान दोष अधिक उघडे करते.

या ६ पीपीसीने काडतुसाच्या आकाराविषयीची समजूतच बदलली. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद लुई पाल्मिसानो आणि साचे बनवणारे कुशल कारागीर फेरिस पिंडेल यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात .२२० रशियन या पुंगळीवरून ते घडवले. .२२० रशियन स्वतः ७.६२×३९ या सोव्हिएत लष्करी काडतुसाच्या वंशातले. पुंगळी आखूड आणि रुंद, खांदा (पुंगळी तोंडाकडे अरुंद होते तो उतार) ३० अंशांचा, प्राइमर छोटा. आखूड, जाड आकारात दारू अधिक एकसारखी पेटते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. स्पष्टीकरणाविषयी वाद घालता येईल, निकालांविषयी नाही: १०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्टवर या काडतुसाने दशकानुदशके राज्य केले. त्याच विचाराचे ६ मिलिमीटर बीआर हे काडतूस .३०८ ची पुंगळी आखूड करून आले; नॉर्मा कंपनीने लांब गोळीसाठी घडवलेले त्याचे रूप ३०० मीटर नेमबाजांचे लाडके झाले. २००५ साली फिनलंडच्या लापुआने स्वित्झर्लंडच्या ग्रुनिग अँड एल्मिगर या रायफल निर्मात्यांसह ६.५×४७ लापुआ आणले, तेही ३०० मीटरच डोळ्यांपुढे ठेवून.

६.५ क्रीडमूर हे या घराण्यातले सर्वाधिक पसरलेले काडतूस. अमेरिकेच्या हॉर्नाडी कंपनीने ते २००८ मध्ये बाजारात आणले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ मध्ये सुरू झालेल्या क्रीडमूर रेंजचे नाव त्याला लाभले. १८७४ ची अमेरिका विरुद्ध आयर्लंड ही गाजलेली लढत तिथेच झाली होती. .३०८ ची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, क्रीडमूरची ४८.८. फरक दोन मिलिमीटरचा दिसतो, पण त्याचा उपयोग मोठा आहे: पुंगळी आखूड असल्यामुळे लांब, निमुळती गोळी दारूच्या जागेत फारशी न घुसवता आखूड अ‍ॅक्शनच्या मॅगझिनमध्ये बसते. .२६० रेमिंग्टन याच कॅलिबरचे आणि जवळपास त्याच ताकदीचे असूनही लांब गोळीच्या बाबतीत त्याची इथेच अडचण होते.

अ‍ॅक्शन निवडताना बोल्टच्या तोंडाचे माप पाहावे लागते. .३०८ च्या घराण्यातल्या सगळ्या काडतुसांच्या, तसेच क्रीडमूर आणि ६ बीआरच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो. त्यामुळे एकाच अ‍ॅक्शनवर फक्त नळी बदलून यांतील कुठल्याही काडतुसाकडे जाता येते. पीपीसीचे बूड सुमारे ११.३ मिलिमीटर, .२२३ चे ९.६. नेमबाजाचा विचार अजून पक्का नसेल तर १२ मिलिमीटरचा बोल्ट घेणे शहाणपणाचे, कारण पुढची वाट मोकळी राहते.

नळी ही झिजणारी वस्तू आहे, हे नवख्यांच्या हिशेबातून नेहमी सुटते. दारूच्या ज्वाळेने चेंबरच्या लगत पुढचा घसा जळत जातो. कॅलिबर लहान आणि पुंगळीत दारू जास्त असेल तर झीज वेगाने होते. .३०८ ची नळी स्पर्धेच्या दर्जाने ५००० गोळ्यांपर्यंत चालल्याचे अनुभव आहेत, ६.५ क्रीडमूरसाठी सर्वसाधारण अंदाज २००० ते ३००० चा, ६.५-२८४ नॉर्मा हे लांब पल्ल्याचे भारी काडतूस हजाराच्या थोडे पुढे जाऊन थकते. सराव जास्त करणाऱ्याला ६.५-२८४ घेतल्यास जवळपास दर हंगामात नवी नळी बसवावी लागेल. ज्याला शिकायचे आहे त्याने .३०८ किंवा .२२३ घ्यावे, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात तो याच कारणाने, आणि तो योग्य आहे. वाऱ्याचे वाचन शेकडो गोळ्या झाडल्याशिवाय येत नाही. नळी जळेल या धाकाने सराव आवरणारा नेमबाज उत्तम काडतूस असूनही मागे पडतो.

पुरवठ्याचे महत्त्वही असेच. चांगल्या पुंगळ्यांच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी असते, वजनात फरक कमी असतो आणि त्या पुन्हा पुन्हा भरता येतात. ज्या काडतुसासाठी लापुआ, नॉर्मा यांसारख्या दर्जाच्या पुंगळ्या सहज मिळत नाहीत, ते कागदावर कितीही सरस असले तरी दुसऱ्या हंगामात त्रास देते. चेंबर कोरणारा रीमरही आधी पाहावा. एकाच नावाच्या काडतुसाचे रीमर मानेच्या (पुंगळीचा गोळी धरणारा भाग बसतो त्या जागेच्या) मापात आणि घशाच्या लांबीत वेगवेगळे असतात. नेमबाज कोणती गोळी वापरणार हे गनस्मिथला कळले नाही, तर घसा फार लांब किंवा फार आखूड निघतो; म्हणून अनेक गनस्मिथ वापरायच्या गोळीसह भरलेले, पण प्राइमर व दारू नसलेले नमुना काडतूस मागवून घेतात.

.२२ लाँग रायफलच्या बाबतीत निवडीचा सगळा भार वेगळ्याच जागी पडतो. हे काडतूस १८८७ पासूनचे, गोळी ४० ग्रेनची, आणि स्पर्धेच्या मालाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला. काडतूस ठरलेले, म्हणून निवडायचा तो लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधली गोळी एका नळीत वेगवेगळी वागते. दर्जेदार नेमबाज आपली रायफल घेऊन किंवा केवळ नळी-अ‍ॅक्शन पाठवून ईली, लापुआ किंवा आरडब्ल्यूएसच्या चाचणी केंद्रात अनेक लॉट तपासतात आणि आवडलेला लॉट मोठ्या संख्येने विकत घेतात. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वलयाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो, तेव्हा लॉटमधला मिलिमीटरभर फरकही दशांश गुणांत उतरतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेमबाजी) जगज्जेतेपद मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक जिंकले, ते याच छोट्या काडतुसावर.

भारतात हा निर्णय बॅलिस्टिकच्या तक्त्याआधी परवान्यापासून सुरू होतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार शस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो, आणि शस्त्र बनवणे, त्यात फेरबदल करणे किंवा ते दुरुस्त करणे हे परवानाधारकच करू शकतो. त्यामुळे नळी बदलून दुसऱ्या काडतुसाकडे जाणेही घरगुती काम नाही. आधी प्रशासनाची आणि नंतर गनस्मिथची वाट धरावी लागते. निषिद्ध बोअरची, म्हणजे कायद्याने निर्बंध घातलेल्या मापाची, काडतुसे खासगी नेमबाजाला सर्वसाधारणपणे मिळत नाहीत. म्हणून महाराष्ट्रातला नेमबाज बहुतेक वेळा .२२ पासूनच सुरुवात करतो.