केळीच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा की स्युडोमोनास?

दोन्हींची पुडी फोडली की आत भुकटीच निघते. दोन्ही जैविक, दोन्ही मर रोगासाठी, दोन्ही शेणखतात मिसळून द्यायची. मग एक मिळालं नाही तर दुसरं आणलं, काय बिघडलं? बिघडतं. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे आणि स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू. दोघांचं काम एकाच दिशेचं असलं तरी ते कुठे राहतात, कशावर जगतात आणि कशाने मरतात, हे सगळं वेगळं आहे.

केळीचा हा मर रोग, म्हणजे पनामा मर, आणणारी फ्युझेरियम बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवते. खालची पानं कडेने पिवळी पडून देठाशी मोडतात, खोडाभोवती लोंबत राहतात. खोड आडवं कापलं की तांबूस-तपकिरी डाग दिसतात. तिचे जाड कवचाचे बीजाणू केळी नसलेल्या जमिनीतही कित्येक दशकं तग धरतात. ग्रो मिशेल हे एके काळी निर्यातीत आघाडीवर असलेलं वाण याच रोगाने मागे पडलं आणि कॅव्हेंडिश पुढे आलं. आता या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. २०१९ मध्ये तो कोलंबियातही सापडला.

ट्रायकोडर्मा या शत्रूला जमिनीतच गाठतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याचे तंतू फ्युझेरियमच्या तंतूभोवती वेटोळे घालताना दिसतात. मग कायटिनेज, ग्लुकानेज अशी विकरं सोडून तो समोरच्याची पेशीभित्तिका विरघळवतो आणि आतलं खातो. शिवाय वाढ झपाट्याची, त्यामुळे जागा आणि अन्न तोच आधी बळकावतो. पण त्यालाही पोसायला सेंद्रिय पदार्थ लागतात. कोरड्या, सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत नुसती भुकटी फेकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत काही दिवस वाढू द्यावा, मगच लागवडीच्या खड्ड्यात घालावा. ताज्या, तापणाऱ्या शेणात मिसळू नये.

स्युडोमोनासचा मुक्काम मुळाच्या पृष्ठभागावर. तो सिडरोफोर नावाची संयुगं सोडून आसपासचं लोह ओढून घेतो, फ्युझेरियमला उपासमार घडते. प्रयोगशाळेतल्या बशीत अतिनील प्रकाश टाकला की याच संयुगांमुळे त्याची वसाहत हिरवट-पिवळी चमकते. स्युडोमोनासचे काही वाण बुरशीला मारक प्रतिजैविकंही तयार करतात. मला मात्र त्याचा तिसरा गुण जास्त मोलाचा वाटतो: मुळाशी त्याची वस्ती झाली की झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच सावध होते. म्हणून बेणं किंवा रोपाची मुळं द्रावणात बुडवणं आणि नंतर बुंध्याशी द्रावण ओतून आळवणी करणं, या दोन्ही पद्धती त्याला शोभतात.

खरी गफलत इतर औषधं देताना होते. कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. मर थांबवायला आज ट्रायकोडर्मा आणि चार दिवसांनी कार्बेन्डाझिमची आळवणी केली तर पहिला खर्च वाया. स्युडोमोनासला धोका स्ट्रेप्टोमायसीनसारख्या प्रतिजैविकांचा आणि ताम्रयुक्त औषधांचा. तो बीजाणूही बनवत नाही, त्यामुळे उन्हात पडलेली, मुदत संपत आलेली पुडी घेण्यात अर्थ नाही. टिकाऊपणा हवा असेल तर बॅसिलस हा जिवाणू बरा, तो बीजाणू बनवतो.

दोघांपैकी कोणीही आजारी झाड बरं करत नाही. नलिकांत शिरलेल्या बुरशीपर्यंत बाहेरून दिलेली मात्रा पुरेशी पोहोचत नाही. पानं लोंबायला लागल्यावर पुडी शोधणाऱ्याने ते पैसे वाचवावेत, रोगट झाड जागेवरच नष्ट करावं आणि तिथले मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) बेण्यासाठी उचलू नयेत.

दोन्ही एकत्र चालतात का? काही वाणांचं जमतं. पण स्युडोमोनासची बुरशीनाशक संयुगं ट्रायकोडर्मालाही बाधू शकतात. म्हणून सोबत चालणारे म्हणून तपासलेले वाण नसतील तर टाकीत एकत्र कालवू नयेत. ट्रायकोडर्मा खतातून खड्ड्यात, स्युडोमोनास नंतर मुळाशी आळवणीतून, असं वेगवेगळं द्यावं.