महाग अवजार की स्वस्त? घेण्याआधी एवढं वाचा

बेळगावातल्या आमच्या अवजारांच्या दुकानात काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "यातलं चांगलं कुठलं?" त्यावर आम्ही उलट विचारतो. रोज लागणार आहे की महिन्यातून एकदा? आणि मोडलं तर फक्त अवजार जाईल, की त्याच्यासोबत कामही बिघडेल?

पान्याचंच घ्या. हलक्या डी पान्याचं (दोन्ही टोकांना उघडं तोंड असलेल्या पान्याचं) तोंड नटाला नीट बसत नाही, बसलं तरी जोर लावल्यावर पसरतं. पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि शेवटी तो नट छिन्नीनं उडवावा लागतो. शंभर रुपये वाचले, पण भर पाण्याच्या पाळीला पंप उघडा पडला. बोटं सोलवटतात ती वेगळीच. म्हणून गॅरेजवाले, उद्यमबाग आणि मच्छे या कारखान्यांच्या भागातले फिटर यांना आमचं सांगणं सरळ आहे: १० ते १९ मिलीमीटर मापांचे पाने घडीव, क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे घ्या. नाशिकच्या टपारियासारख्या देशी मेकचे पुरतात, परदेशी नावासाठी जादा पैसे मोजायची गरज बहुतेकांना नसते. वरचा चकचकीत क्रोम बघून मात्र भुलू नका. मुलामा कशावरही चढतो.

हातोड्याचं तर बेळगावच्या माणसाला सांगायला नको. बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतणाऱ्या या गावात ओतीव आणि घडीव यातला फरक पोरासोरांनाही कळतो. बिडाच्या हातोड्याचा टवका उडाला तर डोळ्यात जातो. डोकं घडीव पोलादाचं बघून घ्या. दांडा साधा असला तरी चालेल, तो बदलता येतो.

पक्कड मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेतून उजेड आरपार दिसला तर बारीक वायर तुटणार नाही, नुसती चेंबेल. विजेच्या कामाला घेत असाल तर मुठीच्या लाल-पिवळ्या रबरावर विसंबू नका. दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तीच घ्या, आणि तरीही मेन स्विच बंद करूनच हात घाला. इथं स्वस्तातली पक्कड कुणी मागितली तरी आम्ही देत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

स्वस्त कुठं चालतं? घमेलं, थापी, साधी टेप, घरात वर्षातून दोनदा लागणारा स्क्रू ड्रायव्हर. शेजारी मागून नेतात आणि परत येत नाहीत अशी सगळीच अवजारं. टेपची पुढची पट्टी थोडी हलते म्हणून ती परत आणू नका. आतून आणि बाहेरून माप घेताना पट्टीच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली असते.

ऊसतोडीचा कोयता आमच्याकडे मागायला येऊच नका! ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून गावच्या लोहारानं ठोकलेल्या कोयत्याची सर आमच्या पाकीटबंद मालाला नाही.

खानापूर, जांबोटीकडच्या सुतारांना वेगळी अडचण. तिकडच्या पावसात महागाची पटाशीही आठवड्यात तांबारते. चांगली पटाशी धार जास्त दिवस धरते, गंजायचं थांबत नाही. काम संपलं की तेलाचा बोळा फिरवा आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू नका.

आणि तो १०८ नगांचा गोटी पान्यांचा (सॉकेटचा) डबा. दिसतो छान, आमचाही नफा त्यात बरा सुटतो. पण त्यातले आठ-दहा नग सोडले तर बाकीचे डब्यातच म्हातारे होतात. त्याच पैशात लागतील तेवढ्याच मापांच्या गोट्या आणि एक दणकट रॅचेट येतं.

माप ठाऊक नसेल तर नट सोबत आणा. शनिवारी बाजारची गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर या, म्हणजे चार पाने लावून बघता येतील. बिल टाकून देऊ नका. मेकची हमी असलेल्या मालात दोष निघाला, तर बदलून मागताना ते लागतं.