रेल्वे प्रतिकृतीतील डोंगर आणि गाव

रेल्वे प्रतिकृतीतील डोंगर आणि गाव : लहान प्रमाणात केलेल्या चालत्या रेल्वेभोवती डोंगर, दऱ्या, झाडी आणि एखादे छोटे गाव उभारण्याची कला. रूळ, गाड्या आणि परिसर मिळून होणाऱ्या मांडणीला ‘लेआउट’ म्हणतात. त्यातल्या परिसराला गणपतीच्या आराशीतला ‘देखावा’ हा शब्द चपखल बसतो.

खऱ्या जगात डोंगर आधी असतो आणि रूळ त्याला वळसा घालत मागाहून येतात. लेआउटमध्ये आधी प्लायवर रूळ अंथरले जातात, गाडी चालवून पाहिली जाते आणि मग त्यांच्या भोवती डोंगर चढतो. हा उलटा क्रम पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ न देणे, यातच सगळे कसब आहे. सपाट फळीवर एकच उंचवटा ठेवून त्यातून बोगदा काढला, तर गाडी बाजूने का गेली नाही, असा प्रश्न लहान मूलही विचारते. डोंगराची सोंड रुळांच्या दोन्ही अंगांना लांबवर उतरली, बाजूला नाल्याची घळ पडली की बोगद्याला कारण मिळते.

प्रमाणांपैकी १:८७ चे ‘एचओ’ सर्वाधिक रूढ आहे. त्यात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. जागा कमी असेल तर १:१६० चे ‘एन’ निवडतात, त्याचे अंतर ९ मिमी. भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी ८७ ने भागले तर १९ मिमीहून थोडे अधिक भरते, त्यामुळे एचओ रुळावर आपली गाडी जरा अरुंद पायावर उभी वाटते. नॅरोगेजचे मात्र छान जुळते. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एनचा तयार रूळ ९ मिमीचा. त्याचे स्लीपर लहान आणि दाट असतात, ते खडी-मातीत बुजवले की काम भागते. नागपूरच्या हौशी माणसाला ही जुळणी मोलाची आहे, कारण नागपूर–छिंदवाडा ही सातपुड्यात चढणारी छोटी गाडी याच ७६२ मिमीच्या रुळावर २०१५ च्या अखेरीपर्यंत धावली. मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. डब्याची उंची, पायऱ्या, खिडक्यांच्या पट्ट्या तिथे जवळून मोजता येतात. चालता देखावा पाहायचा असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे.

उंचीत तडजोड अटळ आहे. ३०० मीटरचा डोंगर १:८७ मध्ये साडेतीन मीटरचा होईल, म्हणजे खोलीच्या छताबाहेर जाईल. अर्ध्या मीटरचा डोंगरही मोठा भासतो, फक्त पायथ्याची झाडे मोठी आणि माथ्यावरची बारीक हवीत. रुळांचा चढ मात्र फसवता येत नाही. शेकडा दोन चढ म्हणजे मीटरमागे २ सेंमी. एका रुळावरून दुसरा न्यायला सात-आठ सेंमी उंची लागते, म्हणजे चार मीटर लांबीची चढण हवी.

डोंगराचा सांगाडा दिवाळीचा किल्ला केलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. किल्ल्यात विटा, त्यावर पोते आणि पोत्यावर चिखल. इथे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, तिच्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेले पातळ कापड. हाड मोडल्यावर घालतात ती प्लास्टरची पट्टीही चालते, औषधाच्या दुकानात सहज मिळते. थर्माकोलचे थर रचून कोरण्याची पद्धतही आहे. मात्र थिनर असलेला स्प्रे रंग लागला की थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि कागदाचा थर द्यावा.

रंगात बहुतेक डोंगर फसतात. परदेशी पुस्तकांतले टोकदार, करडे, माथ्यावर बर्फ असलेले शिखर आपल्या गाडीमागे परके दिसते. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला काटोलकडे दख्खनचा बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. पूर्वेला, रामटेकच्या बाजूला, त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आहेत. काटोलकडचा डोंगर करायचा तर माथा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचा आणि कातळ आडव्या थरांचा हवा. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलवर ओतलेले प्लास्टर सुकवून त्याचे तुकडे आडवे बसवावेत. काळ्या शाईचे अगदी पातळ पाणी वरून सोडले की ते भेगांत उतरते. ते वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी-तपकिरी रंग फक्त कडांवर घासायचा. पाच मिनिटांपूर्वी चुना वाटणारा तुकडा दगड होतो, आणि तो क्षण पाहिलेला माणूस हा छंद सोडत नाही.

हिरवा रंग बेतानेच वापरावा. उन्हाळ्यातला सातपुडा पिवळट असतो, सागाला पाने नसतात आणि मधूनच पळस पेटलेला असतो. वायरच्या तांब्याच्या तारा पिळून खोड, वाळलेल्या दोडक्याची जाळी कुस्करून झुडपे, चाळलेला लाकडाचा भुसा रंगवून गवत. हे सगळे फेव्हिकॉल-पाणी समसमान घेऊन, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून फवारतात. थेंब नसेल तर मिश्रण मातीत न मुरता वर गोळे होऊन बसते.

गावासाठी दहा-बारा घरे पुरेत, पण ती आपल्याकडची हवीत: कवेलूंची छपरे, टिनाचे शेड, पाराभोवती पिंपळ, मारुतीचे देऊळ, मालधक्क्यावर संत्र्यांच्या पेट्या. माणसाची उंची जेमतेम २० मिमी, दार २४ मिमी. स्टेशनबाहेरचा पानठेला अडीच सेंमीत बसतो. त्याच्या दर्शनी बाजूला चॉकलेटच्या चांदीचे मिलिमीटरभर रुंद तुकडे ओळीने टांगले की पुड्यांच्या माळा होतात, आणि खाली जमिनीवर दोन-चार तांबडे ठिपके. घरांच्या रांगा फळीच्या कडेला समांतर ठेवू नयेत, थोड्या तिरक्या ठेवल्या की वस्ती आपसूक वाढलेली दिसते.

नागपूरचे हवामान या कामाची परीक्षा घेते. डिसेंबरच्या रात्रीची थंडी आणि मे महिन्यातले ४५ अंश यांत रूळ आणि लाकूड सारखे हलतात, म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या रुळांच्या सांध्यांत बारीक फट ठेवतात. प्लाय पावसाळ्यात फुगतो, त्याला खालूनही रंग लावलेला बरा. गाडी घसरते ती हमखास बोगद्यात. तेव्हा डोंगराची मागची बाजू उघडी ठेवावी, किंवा माथा उचलता येईल असा करावा, आणि कोणताही रूळ काठापासून ७५ सेंमीपेक्षा आत नसावा, कारण हात तेवढाच पोहोचतो.