एटीपी आत तोडणारा पंप आणि बाहेर तोडणारी एन्झाइमं

इंदुरात भंवरकुआँकडे क्लासला जाणाऱ्या पोरांच्या वह्या अधूनमधून माझ्यासमोर येतात. चेतापेशीच्या पटलावर एक गोल, त्यात ‘एटीपेज’ (म्हणजे एटीपी, पेशीचं इंधन म्हणून शिकवला जाणारा रेणू, तोडणारं एन्झाइम), आणि बाणापुढे ‘ऊर्जा’. गोल सोडियम-पोटॅशियम पंपाचा असो की सीडी ३९ या पेशीबाहेर एटीपी तोडणाऱ्या एन्झाइमचा, बाणापुढे लिहिलेलं तेच. शिकवणारेही त्यावर बरोबरची खूण करून देतात, याचा मला जास्त राग येतो.

पंप सगळ्यांना पाठ आहे: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी. येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या चेतांवर काम करून तो दाखवला, १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. एवढं पुरे.

सीडी ३९ आणि त्याची भावंडं, म्हणजे एक्टोन्यूक्लिओटिडेज, हीसुद्धा पटलातच रुतलेली आणि हीसुद्धा एटीपीचा फॉस्फेट तोडणारी. घोळ होतो तो इथे. पंपाची एटीपी धरणारी जागा पेशीच्या आतल्या बाजूला असते, यांची बाहेरच्या. आत एटीपी मिलिमोलरमध्ये मोजतात, बाहेर एरवी नॅनोमोलरमध्ये, म्हणजे कितीतरी पट कमी. म्हणजे बाहेर जे थोडंसं एटीपी येतं, ते काही इंधन म्हणून येत नाही. चेतापेशी ते पुटिकांतून (आतल्या इवल्या पिशव्यांतून) सोडतात, अ‍ॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी) सोडतात, पेशी फुटली तर भसकन सांडतं, आणि शेजारच्या पेशींवरचे पी२एक्स आणि पी२वाय ग्राही (रिसेप्टर) ते ओळखतात. तो निरोप असतो. जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ साली हे मांडलं तेव्हा पुष्कळांनी ते मानलं नाही, आणि मला विचाराल तर ‘एटीपी म्हणजे ऊर्जेचं चलन’ ही घोकंपट्टी आजही तेच करते.

पंपात बंध तुटला की त्या ऊर्जेवर आयन ढकलले जातात. बाहेर बंध तुटला की ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती कोणी वापरत नाही. मग तोडायचं कशाला? निरोप बदलायला. नुसता ‘पुसायला’ म्हणणं अर्धवट आहे, कारण तुकडेही बोलतात.

याच भावंडांतलं एनटीपीडेज २ हे एन्झाइम एटीपीचा एक फॉस्फेट तोडून एडीपी करतं आणि तिथेच रेंगाळतं. एडीपी हा मायक्रोग्लियावरच्या (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या) पी२वाय१२ ग्राहीसाठीचा निरोप आहे. त्यावर मायक्रोग्लिया आपले फाटे तिकडे वळवतात. (आजोबांची क्लोपिडोग्रेलची गोळी रक्तातल्या प्लेटलेटवरचा हाच ग्राही अडवते.) एनटीपीडेज १, म्हणजेच सीडी ३९, मात्र एडीपी फारसं साठू न देता एएमपीपर्यंत, म्हणजे एकच फॉस्फेट उरेपर्यंत, जातं. पुढे सीडी ७३ हे बाहेरचंच दुसरं एन्झाइम त्या एएमपीचं अ‍ॅडिनोसिन करतं, आणि अ‍ॅडिनोसिन ए१ ग्राहीवर बसलं की चेतापेशी ट्रान्समीटर (पुढच्या पेशीला संदेश देणारी रसायनं) कमी सोडते. सुरुवातीला चेतवणारा रेणू शेवटी शांत करणारा होतो. उंदरांवरच्या २०२० सालच्या कामात हे नीट दिसलं: पेशी सक्रिय झाल्या की मायक्रोग्लिया सीडी ३९ वापरून त्यांना लगाम घालतात, आणि मायक्रोग्लियाच काढून टाकले तर उत्तेजनानंतर झटके येतात.

गंमत अशी की एटीपी आणि एडीपी दोन्ही सीडी ७३ ला अडवतात. त्यामुळे ते ओसरेपर्यंत अ‍ॅडिनोसिन जोरात तयार होत नाही, शांतता जरा उशिरानं येते. पोह्यांबरोबरचा चहा तरतरी देतो तो या अ‍ॅडिनोसिनच्या ग्राहींवर कॅफिन जाऊन बसतं म्हणून.

प्रॅक्टिकलमध्ये हाच घोळ वेगळ्या रूपात दिसतो. मेंदूचा ऊतक वाटून त्यात एटीपी घालतात, फॉस्फेट किती सुटला ते रंगावरून मोजतात आणि आकड्यापुढे ‘एटीपेज’ लिहून मोकळे होतात. वाटल्यावर आत-बाहेर असा भेद फारसा उरत नाही. ओआबेन (पंप अडवणारं द्रव्य) टाकल्यावर जेवढं थांबलं तेवढं पंपाचं. बाकीच्यात मायटोकाँड्रियाचाही वाटा असतो, त्यावर सीडी ३९ ची पाटी लावू नका. बाहेरचं एन्झाइम बघायचं असेल तर पेशी अख्ख्या ठेवा. एटीपीवर इतका ऋण भार असतो की ते पटल ओलांडून आपसूक आत शिरत नाही, म्हणून बाहेरून घातलेलं एटीपी पंपाच्या हाती लागत नाही.